केबल बोल्ट भरताना या चुका टाळा (पुण्यातून खाणीत कामाला जाणाऱ्यांसाठी खास)

पुण्यात फ्लायओव्हरच्या कामावर स्ट्रँड (पीळ दिलेल्या स्टीलच्या तारांची दोरी) ताणलेली पोरं नागपूर-भंडाऱ्याकडच्या मँगनीज खाणीत गेली की केबल बोल्ट (छत धरायला दगडातल्या भोकात घालतात ती केबल) बघून म्हणतात, अरे ही तर आपलीच, सात तारांची 15.2 एमएम. स्ट्रँड तीच आहे हो, पण पुलात तिला टोकाची वेज (पाचर) धरून ठेवते आणि खाणीच्या छतात भोकातला ग्राउट (सिमेंट-पाण्याचा घोळ), त्यामुळे ग्राउट बिघडला की सगळंच गेलं.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. पंप चोक होतोय म्हणून कोणीतरी मगभर पाणी ओततं आणि काम पुढे. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 0.35 च्या हिशोबाने (पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन) साडेसतरा लिटर, 0.40 ने 20 लिटर, त्याच्या वर जाऊच नका. बादलीला आतून रंगाची खूण करून ठेवा. पंप सारखाच अडत असेल तर सिमेंटमध्ये गुठळ्या आहेत का, होज आतून धुतलाय का, ते आधी बघा.

ब्रीदर ट्यूबने (भोकाच्या वरच्या टोकातून हवा काढणारी नळी) भरताना ग्राउट खालून चढतो आणि हवा वरच्या टोकातून नळीवाटे बाहेर येते. नळीतून पहिला पाणचट ग्राउट दिसला की पंप बंद करतात, तिथेच घात होतो, कारण जिथे खरी पकड हवी तो वरचा भागच रिकामा राहतो. बादलीत आहे तसाच दाट ग्राउट सलग येईपर्यंत थांबायचं नाही. वरून भरत ग्राउटची नळी खाली काढायची पद्धत असेल तर घाईने ओढू नका, ग्राउटच तिला ढकलू दे, नाहीतर मध्ये पोकळी राहते.

स्ट्रँडवर हलका गंज चालतो, ग्रीस आणि चिखल अजिबात नाही.

छत पडलंच तर लोंबणारी केबल नीट बघा, पण सपोर्ट दिलेल्या छताखाली उभं राहूनच. तारा अख्ख्या आणि स्वच्छ असतील तर केबल ग्राउटमधून सुटलीये, म्हणजे ग्राउट तपासा, बल्बवाली (मध्ये मध्ये तारा फुगवलेली) स्ट्रँड घ्या, पक्क्या दगडात लांबी वाढवा. तारा तुटल्या असतील तर पकड बरोबर होती, वजनच जास्त झालं, मग दोन केबलमधलं अंतर कमी करा.

आणि पुल टेस्ट (केबल ओढून पकड तपासणं) पूर्ण भरलेल्या लांब केबलवर करून खूश होऊ नका, त्यात फक्त तोंडाजवळचा भाग तपासला जातो. टेस्टसाठी मुद्दाम थोड्याच लांबीत ग्राउट केलेली वेगळी केबल ठेवा.