इंधन पंपाची लाइन बदलताना या चुका टाळा

जास्त क्षमतेचा पंप बसवला की मूळ नळी आणि मूळ जोड त्याला अपुरे पडतात, म्हणून अनेक हौशी वाहनधारक एएन (आर्मी-नेव्ही मानकाचे) फिटिंग आणि स्टीलच्या जाळीची होज लावून घेतात. हे काम फार अवघड नाही. परंतु नंतर सुरू होणाऱ्या बहुतेक गळत्यांचे मूळ एकच असते: कोणत्या जोडात पेट्रोल नेमके कशामुळे अडते हे समजून न घेता पाना फिरवलेला असतो.

एएन फ्लेअर, म्हणजे शंकूसारख्या तोंडाच्या, फिटिंगमध्ये आटे गळती अडवत नाहीत. ते केवळ दोन तोंडे एकमेकांवर आवळून धरतात. पेट्रोल अडते ते ३७ अंशांच्या शंकूवर, जिथे धातू धातूला टेकतो. त्यामुळे नळकामाच्या सवयीने या आट्यांवर पांढरी टेफलॉन टेप गुंडाळणे ही मोठी चूक आहे. तिचा उपयोग शून्य, आणि तिचा एखादा तुकडा सुटून दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये किंवा इंजेक्टरच्या जाळीत अडकला तर भलताच दोष शोधण्यात दिवस जातात. सीलंट लागतो तो एनपीटीसारख्या निमुळत्या आट्यांना, आणि तिथेही टेपऐवजी पेट्रोलला टिकणारा द्रव सीलंटच वापरावा. तिसरा प्रकार ओआरबी, ज्यात रबरी ओ-रिंग पेट्रोल अडवते. गोंधळ इथेच होतो, कारण सहा नंबरच्या ओआरबी पोर्टचे (फिटिंग बसवण्याच्या आटेदार छिद्राचे) आणि सहा नंबरच्या एएन फ्लेअरचे आटे अगदी सारखे, म्हणजे ९/१६ इंच व्यासाचे आणि इंचाला १८ असतात. फ्लेअरचे टोक त्या पोर्टमध्ये छान घट्ट बसते, पण ओ-रिंगच नसल्यामुळे ते झिरपतच राहते.

मेट्रिक आट्यांची फसगत याहून वाईट आहे. १४ मिमी व्यासाचा आणि १.५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधील अंतराचा) बोल्ट हाताशी असेल, तर तो ९/१६ च्या पोर्टमध्ये पहिले एक-दोन आटे निमूटपणे जातो, कारण ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिमी आणि तिथली पिच १.४१ मिमी असते. त्यानंतर तो अडतो. त्या क्षणी पाना खाली ठेवावा. जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि पोर्ट कायमचा जातो. योग्य फिटिंग बोटांनीच शेवटपर्यंत जाते. त्यानंतर एका पान्याने अ‍ॅडॉप्टर धरून दुसऱ्याने नट आवळावा, म्हणजे नळीला पीळ पडत नाही.

होजच्या बाबतीत दोन प्रकार सरमिसळ करू नयेत. रबरी अस्तराच्या होजचे फिटिंग वेगळे आणि टेफलॉन अस्तराच्या होजचे वेगळे. दुसऱ्यात अस्तरावर घट्ट बसणारी एक छोटी धातूची कडी असते, आणि ती विसरली तर दाबाखाली नळी फिटिंगमधून निसटू शकते. माझ्या गाडीत सुरुवातीला रबरी अस्तराची होज होती. एकही जोड ओला नव्हता, तरी रात्रभर बंद शेडमध्ये उभी राहिली की सकाळी आत पेट्रोलचा वास भरलेला असे. शेवटी कोरडे फडके होजवरून टोकापर्यंत ओढले आणि ते हुंगून पाहिले, तेव्हा उलगडा झाला: वाफ जोडातून नव्हे, तर रबराच्या भिंतीतूनच बाहेर पडत होती. टेफलॉन अस्तर लावल्यावर वास थांबला. आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते, म्हणून नवीन रबरी भाग घेताना तो इथेनॉलला चालतो का, हे विचारूनच घ्यावा. टेफलॉनमध्येही कार्बन मिसळलेले, वीज वाहू देणारे अस्तर निवडावे, कारण वेगाने वाहणाऱ्या इंधनामुळे स्थिर विद्युत साठू शकते.

टाकीच्या आत, पंपाला जोडणारा छोटा तुकडा, हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. बाहेर चालणारी चांगली होज आतून पेट्रोल सहन करते, पण तिचे बाहेरचे आवरण पेट्रोलात बुडून राहण्यासाठी बनवलेले नसते. ते फुगते, मऊ होते आणि क्लॅम्प सैल पडतो. तिथे बुडून राहण्यासाठी प्रमाणित, म्हणजे जे३०आर१० दर्जाचीच होज वापरावी.

होज कापताना जाळीभोवती टेप घट्ट गुंडाळून टेपवरूनच कापावे, आणि आतून धातूचा कीस हवेने व स्वच्छ द्रावणाने पूर्ण काढावा. बसवताना लक्षात ठेवावे की उघडी स्टीलची जाळी कानशीसारखी घासते. ब्रेक पाइपला किंवा वायरिंगला टेकलेली जाळी त्यांनाच कापत जाते, म्हणून रबरी अस्तराच्या क्लिप थोड्या थोड्या अंतरावर लावाव्यात आणि होज एक्झॉस्टपासून दूर ठेवावी.

आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, दाब ठरलेल्यापेक्षा जास्त दिसत असेल, तर बहुधा जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी मोठ्या पंपासाठी अरुंद पडते. पूर्ण थ्रॉटलला दाब कोसळत असेल, तर फिटिंगकडे वळण्याआधी फिल्टर पाहावा आणि पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. जुनी बारीक वायर पंपाला पुरेशी वीज देत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मगच बॅटरीची ऋण तार सोडावी. दाब उतरवला तरी थोडे पेट्रोल उडतेच, त्यामुळे चष्मा आणि जवळ अग्निशामक हवाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती सर्व्हिसच्या खड्ड्यात साचते. हे काम खड्ड्यात उतरून करू नये. शेवटी इंजिन चालू न करता केवळ पंप फिरवून दाब भरावा, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरावा, आणि इंजिन पूर्ण तापल्यावर तसेच दुसऱ्या दिवशी थंड असताना तीच तपासणी पुन्हा करावी.