पितळी फिल्टर आचेवर धरू नका

आमचा कॉफीचा पितळी फिल्टर बाबांनी कुंभकोणमहून आणलेला, चाळीसेक वर्षांचा. तो एकदा मीच घालवत होतो.

वरच्या भांड्याच्या तळाची छिद्रं तुंबली होती. शेजारच्या तमिळ मामींनी उपाय सांगितला: वरचं भांडं सांडशीत धरून गॅसवर तापवायचं, चोथा जळतो, मग ओट्यावर आपटलं की छिद्रं मोकळी. मामींचा फिल्टर स्टीलचा, त्याला हे चालतं. माझ्याला आतून कल्हई. कल्हई म्हणजे कथील, आणि ते २३२ अंशांनाच वितळतं. बघता बघता तळाशी पाऱ्यासारखा थेंब जमला आणि आतलं पिवळं पितळ उघडं पडलं. कॉफी आंबट असते, उघड्या पितळेत ती ठेवत नाहीत. म्हणजे फिल्टर बाद.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. कल्हईवाल्याने भांडं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला. कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने झरझर पुसत नेली. छिद्रं बुजतील ही माझी भीती. त्याने भांडं गरम असतानाच आपटून जादा कथील झटकलं. तरी चार-पाच बुजलीच, ती घरी सुईने उघडली.

मुळात छिद्रं तुंबू न देणं सोपं आहे. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खालच्या भांड्यात उतरलं की चोथा लगेच काढायचा. सकाळचा चोथा संध्याकाळपर्यंत राहिला की वाळून बसतो, चिकोरीची पूड असेल तर आणखीच चिवट. भांडं पालथं करून बाहेरच्या बाजूने नळाची धार सोडायची, म्हणजे अडकलेले कण आले तसे मागे जातात. मग खिडकीकडे धरून बघायचं. चांदण्या सगळीकडे सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादा कोपरा अंधारा दिसला, तर भांडं उकळत्या पाण्यात अर्धा तास बुडवून मऊ ब्रशने घासायचं. पितळ बाहेरून चिंच-मिठाने खुशाल चमकवा. आत मात्र चिंच नको, तारेची घासणी तर नकोच.

दोन्ही भांडी एकमेकांत अडकली तर बत्त्याने ठोकू नका. काठाला पोचा आला की ती कायमच अडकायला लागतात. वरच्या भांड्यात बर्फाचे तुकडे भरायचे आणि खालचं गरम पाण्यात ठेवायचं. बाहेरचं प्रसरण पावतं, आतलं आकसतं. थोडं पिळलं की सुटतात.

मुलीने मोका पॉट आणलाय, गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी करणारा, ॲल्युमिनियमचा. त्याला डिशवॉशर आणि सोडा वर्ज्य, दोन्हींनी काळा पडतो. पाणी वाफेच्या व्हॉल्व्हच्या खालीच राहू द्यायचं. पॉट आवळताना दांडा धरून पिळायचं नाही, दांडाच तुटतो. आमच्याकडे टँकरचं पाणी, त्यामुळे तळाशी क्षार धरतात. महिन्यातून एकदा चमचाभर लिंबूसत्त्व घालून नुसतं पाणी उकळवतो. वाफ सांध्यातून फुसफुसायला लागली की रबरी रिंग बदलायची. आणि पॉट धुतल्यावर बंद करून ठेवायचा नाही. पावसाळ्यात आम्ही एकदा ठेवला होता. आठवड्याने उघडला तर आत पांढरी पूड आणि कुबट वास.

फिल्टरचे तुकडेही तेव्हापासून रात्री सुटे, ताटाळ्यात पालथे असतात.