विनाशानंतरची पन्नास लाख वर्षे : या विषयात पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या घरांत भूविज्ञान शिकलेली मुलगी म्हणजे खाणीवर नोकरी, हे समीकरण अजून पुरते पुसलेले नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या; तरी लग्नाकार्यात भेटलेले काका विचारतात ते 'कुठल्या खाणीवर असतेस?' हेच. २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर समुद्र कसा सावरला यावर मी पीएचडी केली म्हटले की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. त्यांना उत्तर देणे मी सोडून दिले आहे. पण एमएस्सीचा निकाल लागला की काही मुले-मुली याच वाटेने यायचे म्हणून विचारायला येतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली शंका बहुतेकांची एकच असते : गोव्यात त्या काळाचे खडक आहेत का? नाहीत. गोव्याचा बराचसा पाया अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहून जुना, लोहखनिज त्यातलेच. सत्तरी तालुक्याच्या वरच्या टोकाला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा काळा पाषाण लागतो आणि बाकी सगळीकडे वर जांभा. पर्मियन आणि त्यानंतरचा ट्रायासिक या दोन भूवैज्ञानिक कालखंडांच्या सीमेवरचे, म्हणजे २५ कोटी १९ लाख वर्षांपूर्वीचे काही पाहायचे तर हिमालयात जावे लागते : काश्मीरमध्ये खुनमोहजवळचा गुरयुल ओढा किंवा स्पितीत पिन खोऱ्यातले मुद गाव.

मग गोव्यातच का राहायचे? कारण हे काम निम्मे डोंगरात आणि निम्मे प्रयोगशाळेत होते, आणि समुद्राच्या रसायनाची जाण असलेली माणसे इथे जवळजवळ आहेत. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. ज्या प्राणवायूच्या तुटवड्यावर तुम्ही प्रबंध लिहिणार, तो तुटवडा दर पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यासमोर पडतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे, प्राणवायू कमी असलेले पाणी उथळ भागावर चढते. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर बसल्याने हवेतला प्राणवायू खाली मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाशी प्राणवायू संपतो आणि काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. कांदोळीसमोरच्या ठरावीक जागी समुद्रविज्ञान संस्था वर्षानुवर्षे याची मोजणी करत आली आहे. संधी मिळाली तर त्या होडीवर एकदा जाऊन या. बाटलीतल्या पाण्याला येणारा सडक्या अंड्याचा वास एकदा नाकात बसला की शोधनिबंधातला 'सल्फाइडयुक्त तळपाणी' हा शब्दप्रयोग कोरडा राहत नाही. मात्र तुलना जपून करा. आपल्याकडचा तुटवडा काही महिन्यांचा असतो, ट्रायासिकमधला पुनःपुन्हा येत राहिला आणि कित्येक लाख वर्षे पुरला.

आता विषयाकडे. पर्मियनच्या अखेरीस सायबेरियात लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले. त्यांतून आणि त्यांनी भाजून काढलेल्या कोळशा-चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, समुद्र तापला, प्राणवायू घटला, पाणी आम्लधर्मी झाले. सागरी प्रजातींपैकी ८० टक्क्यांहून अधिक नाहीशा झाल्या. चीनमधल्या मेईशानच्या खडकांवरून हा घात काही दशसहस्र वर्षांत आटोपला असे दिसते. भूविज्ञानाच्या हिशोबात हे क्षणार्धात झाले म्हणायचे. नवख्यांना या घातातच रस असतो आणि त्यावर लिहिणाऱ्यांची आधीच दाटी आहे. त्यानंतरच्या पन्नासेक लाख वर्षांत जग कसे सावरले, हा भाग तुलनेने मोकळा आणि, माझ्या मते, जास्त अवघड आहे.

अवघड यासाठी, की 'सावरले' म्हणजे नेमके काय सावरले हे ठरवल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. अमोनॉइड, म्हणजे आपल्या शाळिग्रामातल्या प्राण्याची भावकी, दहा-वीस लाख वर्षांतच पुन्हा वैविध्याने भरभराटली. आजच्या प्रवाळांच्या कुळाने भित्ती बांधायला मात्र मध्य ट्रायासिक उजाडावे लागले. जमिनीवर कोळसा पुन्हा तयार व्हायला सुमारे एक कोटी वर्षे गेली. दगडी कोळशाच्या इतिहासातली ही पोकळी जगभर दिसते. आपल्या दामोदर खोऱ्यातल्या पांचेत खडकांत लिस्ट्रोसॉरस हा डुकराएवढा प्राणी सापडतो, तो या रित्या जगात चांगला फोफावला होता. दरम्यान समुद्राचे काय? कार्बनच्या समस्थानिकांचा (हलक्या-जड अणूंच्या प्रमाणाचा) आलेख अख्ख्या पूर्व ट्रायासिकभर वर-खाली झोके घेतो आणि ॲनिसियन काळात, म्हणजे मध्य ट्रायासिकच्या सुरुवातीला, शांत होतो. कोनोडॉन्ट या नामशेष सागरी प्राण्यांच्या दातांमधल्या ऑक्सिजनवरून काढलेले विषुववृत्ताजवळचे तापमान काही काळ ४० अंश सेल्सियसच्या घरात जाते. म्हणजे प्राणी एका गतीने, झाडे दुसऱ्या, पाणी तिसऱ्या. तुमचा प्रबंध यांपैकी एकाच गतीबद्दल असणार. कोणत्या, ते सिनॉप्सिस लिहिण्याआधी ठरवा. 'पर्यावरणाचे पुनरुज्जीवन' असा भरजरी मथळा दिला, तर समितीतले पहिले प्राध्यापकच तुम्हाला त्यात गुंडाळतील.

आणखी एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. जीवनाश आणि कालखंडाची सीमा एकाच ओळीवर नाहीत. मेईशानला मोठा विनाश थर क्रमांक २५ वर दिसतो. ट्रायासिकची अधिकृत सुरुवात त्याच्या किंचित वर, २७-सी थरात, हिंडिओडस पार्वस हा कोनोडॉन्ट पहिल्यांदा येतो तिथे मानली आहे. २००१ मध्ये हे ठरले. 'सीमेनंतर अमुक झाले' असे लिहिताना यांतली कोणती रेघ तुम्ही धरली आहे, हे परीक्षक हमखास विचारतात.

स्पितीचा हंगाम आपल्या सोयीचा आहे. इथे धो-धो पाऊस असतो तेव्हा तो प्रदेश डोंगरांच्या पर्जन्यछायेत कोरडा असतो आणि कुंझुम खिंड उघडलेली असते. मुद सुमारे ३,८०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी स्पितीतल्या काझा गावी निदान दोन रात्री काढल्याशिवाय हातोडी उचलू नये. तब्येतीचा मोठेपणा तिथे चालत नाही. राष्ट्रीय उद्यान जवळच असल्याने वनखात्याची परवानगी हातात घेऊनच निघा. खाली काळसर गुंगरी शेल (चिखलाचा पातळ थरांचा खडक), वर मिकिनचा चुनखडक, आणि मध्ये लोहयुक्त तांबूस पट्टी. या पट्टीपाशी काही काळाची नोंद हरवलेली आहे, म्हणून विनाशाचा नेमका क्षण शोधायला मुद उपयोगाचे नाही. सावरण्याच्या काळासाठी मात्र ते नावाजलेले आहे, इतके की ट्रायासिकच्या पहिल्या दोन उपविभागांमधल्या सीमेसाठी जागतिक मानक म्हणून त्याचे नाव सुचवले गेले होते.

नमुने किती अंतरावर घ्यायचे? साधे गणित करा. समजा ५० मीटर खडकात पन्नास लाख वर्षे मावली आहेत. तर एका सेंटीमीटरला सरासरी हजार वर्षे आली. मीटरमीटरावर नमुना घेतलात तर दोन नमुन्यांमध्ये लाखभर वर्षे निसटतात, आणि तेवढ्यात एखादे संकट येऊन गेलेलेही असते. पण दर सेंटीमीटरला दगड फोडला तर तो खेचरावरून, जीपमधून, ट्रान्सपोर्टने ताळगावपर्यंत आणायचा कोणी, आणि तपासण्याचा खर्च द्यायचा कोणी? म्हणून आधी सगळा उभा छेद मोजून रेखाटा, जिथे रंग-पोत बदलतो तिथे दाट आणि बाकी ठिकाणी विरळ नमुने घ्या. प्रत्येक पिशवीवर थराच्या वरची बाजू बाणाने दाखवा.

प्रयोगशाळेतली कामे धीराची. कोनोडॉन्टसाठी चुनखडक सौम्य ॲसिटिक आम्लात दिवसेंदिवस मुरत ठेवतात, उरलेला गाळ जड द्रवात वेगळा करतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने मिलिमीटरपेक्षाही लहान दात वेचतात. तांदूळ निवडायचा कंटाळा असेल तर दुसरी पद्धत पाहा. पायराइटचे (लोह-गंधकाच्या खनिजाचे) फ्रॅमबॉइड मोजणे मला स्वतःला आवडते : पाण्यातच सल्फाइड असेल तर हे सूक्ष्म गोळे लहान आणि जवळपास सारख्या आकाराचे होतात, सरासरी पाचेक मायक्रॉनच्या आत; तळाच्या चिखलात झालेले मोठे आणि विषम असतात. खडक झिजून पायराइटचा गंज झाला तरी आकार बऱ्याचदा टिकतो. समस्थानिकांचे आकडे हाती आले की लगेच हुरळून जाऊ नका. गाडलेल्या खडकातून नंतर पाणी फिरले असेल तर आकडे बदलतात. कार्बन आणि ऑक्सिजन यांचे आलेख एकमेकांच्या मागोमाग जात असतील किंवा मँगनीज वाढलेले असेल, तर संशय घ्या.

पैशांचे आणि प्रवेशाचे थोडक्यात : सीएसआयआर-यूजीसी नेटमधल्या पृथ्वीविज्ञानाच्या पेपरात जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) मिळवणे हा सर्वांत सरळ मार्ग. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ छात्रवृत्तीला) ४२,००० रुपये आहेत. गेटचा भूविज्ञानाचा पेपरही द्या. नियमाने पीएचडीला कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षे; हिमालयातले नमुने असतील तर तीन वर्षांचे स्वप्न पाहू नका, एक हंगाम हुकला की वर्ष गेले.

गाईड निवडताना त्यांची कीर्ती नंतर पाहा. आधी त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठून तीन गोष्टी विचारा : फील्डचा खर्च कोण उचलते, समस्थानिकांचे नमुने कुठल्या यंत्रावर आणि किती महिन्यांनी लागतात, आणि निबंधावर पहिले नाव कोणाचे असते. पहिल्या ईमेलमध्ये 'मला जीवाश्म लहानपणापासून आवडतात' असे लिहू नका, सगळेच तसे लिहितात. त्यांचा एखादा आलेख घेऊन त्यातल्या कोणत्या मीटरवर नमुने विरळ आहेत आणि तिथे तुम्हाला काय शोधावेसे वाटते, ते दहा ओळींत लिहा. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा पाठवा. आमचे बरेचसे प्राध्यापक जुलै-ऑगस्टमध्ये रेंज नसलेल्या गावात असतात.