अव्होकॅडो तोडण्याआधी दहा ग्रॅम गर वाळवून बघा

केनियातल्या मुरांगा भागात मी एका पॅकहाउसमध्ये निर्यातीचा माल तपासतो. हल्ली आपल्याकडेही हॅस जातीच्या अव्होकॅडोची लागवड वाढतेय, त्यामुळे जुन्नरहून भावाचा, मित्रांचा फोन येतो तो एकच विचारायला: फळ तोडायचं कधी?

अव्होकॅडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच मऊ पडतो. म्हणून आकार बघून अंदाज बांधू नका. कोवळं फळसुद्धा दिसायला देखणं असतं, पण पुढे ते पिकायच्या ऐवजी सुरकुततं आणि गर रबरासारखा राहतो. पहिल्या हंगामात दलालाने घाईने उतरवलेला असाच माल मी नुसत्या नजरेने पास केला होता. युरोपातून आलेले फोटो बघून पोटात खड्डा पडला. तुटीचे पैसे शेवटी शेतकऱ्यांच्या पट्टीतून गेले.

तेव्हापासून मी आधी गर वाळवतो. पाणी उडाल्यावर किती गर उरतो (त्यालाच शुष्क पदार्थ म्हणतात), त्यावरून फळ तोडायला तयार आहे का ते कळतं. बागेतल्या वेगवेगळ्या झाडांची, सारख्या आकाराची दहाएक फळं घ्या. प्रत्येकाची उभी फोड कापा, साल आणि बीवरचं तपकिरी पापुद्रं काढा. गर किसून एकत्र करा आणि काचेच्या ताटलीत बरोबर १० ग्रॅम मोजा. काटा सोनाराकडे असतो तसा बारीक हवा. ताटलीचं वजन आधीच लिहून ठेवा. मायक्रोवेव्ह मंद ठेवून थोडा थोडा वेळ वाळवा, दर वेळी वजन करा. सलग दोनदा तेच वजन आलं की थांबा. कीस करपला तर आकडा खोटा येतो, नवा नमुना घ्या. २.४ ग्रॅम उरला तर शुष्क पदार्थ २४ टक्के. केनियात हॅसच्या निर्यातीला किमान एवढा लागतो. कमी भरला तर थांबा, भाव कितीही चढलेला असो.

फार उशीरही चालत नाही. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि केनियाच्या मोंबासा बंदरातून युरोपला निघालेला माल केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागला. झाडावर जास्त दिवस राहून मुरलेलं फळ एवढा लांबचा प्रवास सोसत नाही, कंटेनरमध्येच मऊ पडायला लागतं.

तोडताना फळ ओढू नका. देठ उपटला की तिथूनच कूज शिरते. कात्रीने कापा, देठ जेमतेम राहू द्या. लांब राहिला तर शेजारच्या फळाला टोचतो. फळ जमिनीवर टाकू नका, क्रेट सावलीत ठेवा. पाऊस झाला असेल तर झाडावरच सुकू द्या, मग कात्री लावा.