ओमनीच्या मागच्या पाट्यांचे शॅकल बुश घरीच कसे बदलायचे

आमची ओमनी २००६ची, गाव रत्नागिरीजवळ, म्हणजे खारी हवा, चार महिने पाऊस आणि आंब्याच्या सीझनला मागची सीट काढून पेट्या भरायच्या, त्यामुळे मागच्या सस्पेन्शनचे हाल होतातच. मध्ये गाडी मागून कुरकुर करायला लागली, खड्ड्यात गेली की टक्क करून ठोका, आणि वळणावर मागचा भाग जरा उशिरा आल्यासारखा वाटायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली तर म्हणाले दोन्ही पाटे (लीफ स्प्रिंग) आणि शॉकअप बदलून टाका. घरी आणून खाली वाकून बघितलं तर पाटे चांगले होते, शॉकअपही गळत नव्हते, फक्त पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या शॅकलमधल्या रबराचा, म्हणजे बुशचा, भुगा झाला होता. ते रबर बदलल्यावर आवाज बंद झाला, म्हणून म्हणतो पाट्यांवर पैसे घालायच्या आधी बुश बघा.

ओमनी १९८४ पासून २०१९ पर्यंत आली, पुढे स्ट्रट आणि मागे साधे लीफ स्प्रिंग, म्हणजे आपले पाटे. पाट्याचं पुढचं टोक एका बोल्टवर असतं आणि मागचं टोक शॅकलला. शॅकल म्हणजे एका पट्टीला दोन पिना, समोरून दुसरी पट्टी आणि दोन नट. वरची पिन चासीच्या ब्रॅकेटमध्ये, खालची पाट्याच्या टोकाच्या गोल भोकात, म्हणजे डोळ्यात, आणि प्रत्येक पिनेवर दोन्ही बाजूनी रबराचा अर्धा अर्धा बुश. म्हणजे एका बाजूला चार तुकडे, दोन्ही बाजूंचे मिळून आठ. पाटा दबला की लांबीला थोडा वाढतो, म्हणून शॅकल पुढेमागे हलायला लागतो, आणि रबर संपलं की लोखंडावर लोखंड घासतं, तोच तो आवाज.

बुशच गेलाय का हे बघायला सोपी युक्ती आहे. गाडी उभी असताना एकानं मागचा बंपर धरून गाडी वरखाली हलवायची, दुसऱ्यानं शॅकलच्या रबरावर बाटलीनं पाणी ओतायचं. पाणी पडल्यावर कुरकुर थांबली की समजा आवाज तिथलाच. मग टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन शॅकलची पट्टी आणि पाट्याचा डोळा यांच्यामध्ये हलकेच रेटा द्या, डोळा पिनेवर इकडेतिकडे सरकत असेल तर बुश गेला. ब्रॅकेट जिथं चासीला जोडलंय तिथं स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघायलाच हवं, विशेषतः किनाऱ्याकडच्या गाड्यांना. पत्रा भुसभुशीत लागला तर काम इथंच थांबवा, ते आधी वेल्डिंगवाल्याकडे जाईल, सडलेल्या ब्रॅकेटमध्ये नवीन बुश घालून काही उपयोग नाही.

सामान असं: आठ बुश, नवीन नट, १२, १४, १७ नंबरचे रिंग पाने आणि बॉक्स पाने, टॉमी, हातोडा, गंज सोडवायचा स्प्रे, वायर ब्रश, पॉलिश पेपर, जॅक आणि दोन चांगले जॅक स्टँड. बुश घेताना जुना तुकडा सोबत न्या आणि भोकाचा व्यास, कॉलरची (बुशच्या बाहेर येणाऱ्या कडेची) जाडी जुळवून घ्या. पीयूचे (पॉलियुरेथेनचे) कडक बुश पण मिळतात पण रोजच्या गाडीला माझ्या मते रबरच बरं, ओमनी आधीच हलकी, रिकामी ८००च किलोच्या आसपास, त्यात कडक बुश घातले की प्रत्येक खडा सीटवर जाणवतो. नटांवर आदल्या दिवशी संध्याकाळी स्प्रे मारून ठेवा, रात्रभर मुरला की सकाळी निम्मी मेहनत वाचते.

आता गाडी उचलायची, आणि इथं मात्र घाई नको. ओमनीला इंजिनाची ताकद मागच्या चाकांना आणि हँडब्रेकपण मागच्याच चाकांना, म्हणजे मागचा भाग हवेत गेला की गिअर आणि हँडब्रेक दोन्ही बिनकामाचे. म्हणून पक्क्या सपाट जमिनीवर गाडी लावून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून मोठे दगड किंवा ओंडके लावा, नुसता एक छोटा दगड नको. दोन्ही स्टँड चासीच्या मजबूत भागाखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या जवळ. जॅकच्या भरवशावर किंवा चिऱ्यावर (जांभ्या दगडावर), विटांवर गाडी ठेवून खाली शिरू नका, चिरा न सांगता फुटतो.

चाक काढा आणि जॅक एक्सलच्या नळीखाली त्याच बाजूला लावा. हा जॅक गाडी उचलायला नाही, पाट्यावरचा ताण घालवायला आहे. जॅक थोडा वर, थोडा खाली करत बघा, एक जागा अशी येते की शॅकल हातानं हलतो, तिथं थांबा. एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी बाजू एक्सल जागेवर धरून ठेवते आणि कसं होतं ते बघायलाही उपयोगी पडते.

नट काढा, बाहेरची पट्टी टॉमीनं सरकवा, मग पिनेच्या टोकावर नट दोन आटे परत चढवून हातोड्यानं ठोका, म्हणजे आटे खराब होत नाहीत. अडकलीच तर जुनं रबर ब्लेडनं कापून काढा. गॅसकटर किंवा ज्योत अजिबात नको, पेट्रोलची टाकी गाडीखालीच असते आणि एलपीजीवाल्या गाडीत तर विचारूच नका. पिन खाऊन बारीक झाली असेल, नखाला खाच लागत असेल, तर शॅकलच नवीन घ्या, बारीक पिनेवर नवीन बुश लगेच ढिला होतो. पाट्याचा डोळा आणि ब्रॅकेटचं भोक आतून पॉलिश पेपरनं स्वच्छ करा, बाहेरून रेड ऑक्साइडचा हात मारून सुकू द्या.

बुश बसवताना साबणाचं पाणी लावा. मी पहिल्यांदा ग्रीस लावलं होतं, सहज बसले, पण काही महिन्यांत रबर फुगून मऊ पडलं आणि पुन्हा सगळं खोलावं लागलं. तेल, डिझेल, ग्रीस साध्या रबराला चालत नाही, लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस. दोन्ही अर्धे बुश दोन्ही बाजूनी ढकला, पिन घाला, पट्टी चढवा आणि नट फक्त हातानं आवळा.

आणि इथंच बहुतेक जण चुकतात. चाक लटकत असताना नट फुल आवळला तर रबर त्या लटकलेल्या अवस्थेतच पकडलं जातं, गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून चाक लावून, स्टँड काढून गाडी स्वतःच्या चार चाकांवर उभी करा, मागून तीनचार वेळा दाबून हलवा आणि मग नट आवळा. शॅकल मागच्या टोकाला असल्यामुळे बंपरकडून हात जातो. रबराची कॉलर दोन्ही बाजूनी सारखी दबलेली दिसली की पुरे, रबर फुगून बाहेर येईपर्यंत ओढू नका.

पुढच्या लोअर आर्मचे बुश हे वेगळं काम आहे, ते दाबून बसवायला वाइस किंवा प्रेस लागते आणि नंतर अलाइनमेंट करावीच लागते, मी ते बाहेरून करून घेतो. मागचं झाल्यावर १०० किलोमीटर गाडी चालवा, थोडं वजन भरूनही एक फेरी मारा, आणि मग चारही नट आणि चाकांचे नट पुन्हा एकदा पान्यानं तपासा, आमच्या गाडीला एका नटानं पाव आटा घेतला होता.