क्यूजीआयएसमध्ये शेत मोजताना गुंठे कुठे चुकतात

क्यूजीआयएस आणि मोबाईलवरचं क्यूफील्ड ही दोन्ही नकाशे बनवण्याची मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ठिबकच्या नळ्या, बियाणं, खत यांच्या हिशेबाला लागणारं क्षेत्र त्यांवर छान निघतं. मात्र 40 गुंठ्यांचं शेत 45 गुंठे दिसलं, तर आधी प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, तपासा.

प्रत्येक पद्धतीला ईपीएसजी क्रमांक असतो. उपग्रहचित्रामागे बहुतेकदा ईपीएसजी:3857 (वेब नकाशांची पद्धत) असतं. त्यात विषुववृत्तापासून लांब जाल तसं क्षेत्र फुगतं. अहिल्यानगरजवळ, 19 अंश अक्षांशावर, सुमारे 12 टक्के. ईपीएसजी:4326 मध्ये (साधे अक्षांश-रेखांश) सपाट मोजणी केली तर उत्तर चौरस अंशांत येतं, एकराला 0.00000035 असं काहीतरी. सोपा उपाय: शेताचा थर (लेयर) यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, न्या. 78 अंश रेखांशाच्या पश्चिमेला ईपीएसजी:32643, नागपूर-वर्धा-चंद्रपूरकडे 32644. इथे ‘सेट लेयर सीआरएस’ वापरू नका. त्याने फक्त लेबल बदलतं आणि शेत भलतीकडे जातं. ‘एक्स्पोर्ट’ करून नवी फाईल बनवा, गुंठ्यांसाठी चौरस मीटरला 101.17 ने भागा, आणि क्षेत्राच्या रकान्याचा (फील्डचा) प्रकार डेसिमल ठेवा.

याहून मोठी गफलत बांधावर होते. मोकळ्या आभाळाखालीही मोबाईलचा जीपीएस 3 ते 5 मीटर इकडेतिकडे दाखवतो. चौकोनी एकराची बाजू 63.6 मीटर, चारही बांध एक-एक मीटर बाहेर गेले की अडीच गुंठे वाढतात. तेच एकर 20 मीटर रुंदीच्या लांब पट्टीत असेल, तर जवळजवळ साडेचार. म्हणून चालत चालत रेघ ओढू नका. प्रत्येक कोपऱ्यावर थांबा, अचूकतेचा आकडा स्थिर झाला की मगच बिंदू घ्या. झाडाखालचा कोपरा उपग्रहचित्रावरून घ्यावासा वाटेल, पण अर्धे कोपरे चित्रावरून आणि अर्धे जीपीएसवरून घेतले की आकारच बिघडतो. चित्र सरकलेलं असलं तरी सगळे कोपरे त्यावरूनच घेतल्यास क्षेत्र फारसं बदलत नाही. बांधाच्या वादात मात्र हा आकडा चालत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणीच हवी.

कोपऱ्यांच्या बिंदूंची सीएसव्ही (तक्त्याची साधी फाईल) क्यूजीआयएसमध्ये आणताना एक्स म्हणजे रेखांश (74), वाय म्हणजे अक्षांश (19). उलटं भरलं तर शेत नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतं.

आणि क्यूफील्ड अनइन्स्टॉल करण्याआधी प्रोजेक्टचं फोल्डर संगणकावर कॉपी करा. अँड्रॉइडवर अॅपसोबत त्याच्या फोल्डरमधली जिओपॅकेज फाईलही (जिच्यात मोजलेले बिंदू असतात) पुसली जाते.