लॅपटॉप हँग झालाय? दुकानात न्यायच्या आधी एवढं करा

बाण हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ ६:४२ वर अडकलंय आणि बोट आपोआप पॉवरच्या बटनाकडं निघालंय. ते बोट आधी मागं घ्या. मी घेतलं नव्हतं. १९ तारखेची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी जीएसटीचं थ्रीबी विवरण भरायची शेवटची तारीख, आमच्या कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दोन गूळ अडत्यांची आणि उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याची हिशेबाची टॅली त्याच लॅपटॉपवर. तासाभरात सहा वेळा बटन दाबून बंद-चालू केला. सातव्या वेळी विंडोज आलंच नाही.

तर पहिली दहा मिनिटं फक्त बघायचं आणि ऐकायचं. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आणि डिस्कचा, म्हणजे फाइल साठवणाऱ्या तबकडीवाल्या हार्ड डिस्कचा, बारका दिवा मात्र न लुकलुकता एकसारखा पेटलेला, असं असेल तर मशीन जिवंत आहे, डिस्कच्या उत्तराची वाट बघत बसलंय. डिस्कवरचा एखादा तुकडा वाचता येईना झाला की ती हार मानत नाही, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचत राहते आणि तोवर सगळं ठप्प. अशा वेळी कधी कधी पाच-सात मिनिटांनी आपोआप सुटतं. सुटलंच तर रिस्टार्ट न करता लगेच कामाच्या फाइल बाहेर काढायला लागा. कॅप्स लॉकचा दिवाही मेलेला असेल तर डिस्कला एकटीला दोष देऊ नका. रॅम, एखादा ड्रायव्हर किंवा धुळीनं बुजलेली पंख्याची जाळी, काहीही असू शकतं.

मग टचपॅडच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीनं कान लावा. घरातले हसतील, हसू देत. बारीक घरघर ठीक. पण ठरावीक अंतरानं टक्… टक्… टक् असा आवाज येत असेल, तर आतल्या, तबकडी वाचणाऱ्या हेडला आपली जागा सापडत नाहीये. तिथंच लॅपटॉप बंद करा, पुन्हा चालू करू नका आणि खालचं कॉपी करण्याचं सगळं सोडून थेट दुकानाच्या भागावर या. ही डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याचीच. ती ‘उघडून बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका, आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणारा एखादा मामा प्रत्येक घरात असतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत फ्रीजरमधनं बाहेर काढलेल्या वस्तूवर पाणी धरतंच.

टकटक नसेल आणि दहा मिनिटांनीही काही हललं नाही, तर बटन दहाएक सेकंद दाबून धरा. एकदाच. बंद झाल्याबरोबर लॅपटॉप काखेत मारू नका. आत तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. थांबेपर्यंत थोडा वेळ द्या.

पुन्हा चालू करण्याआधी टेबलावर सामान मांडा, कारण चालू झाल्यावर किती वेळ मिळेल सांगता येत नाही. रिकामी एक्स्टर्नल डिस्क. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरनं उबंटू (विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स) भरून तयार केलेला, निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह. विंडोज आलंच नाही तर त्यावरनं लॅपटॉप सुरू करून फाइल काढता येतात. चार्जर लावलेला हवा. बॅटरी म्हातारी असेल तर मित्राचा यूपीएस मागून आणा, पावसाळ्यात आपल्याकडं लाइट कॉपी अर्धी झाल्यावरच जाते. आणि बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजनं डिस्कला घातलेल्या कुलपाचा, ४८ आकडी रिकव्हरी नंबर. तो बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळतो, मोबाइलवरनं लॉगिन करा आणि कागदावर उतरवा. माझ्या एका मित्राची डिस्क धडधाकट होती, दुसऱ्या मशीनला जोडली तर तिनं तो नंबर मागितला आणि खात्याचा पासवर्ड साहेबांना आठवेना.

कागदावर आणखी एक गोष्ट लिहा: काय काय वाचवायचं आणि कुठल्या क्रमानं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळा खेळ इथंच आहे. ‘पूर्ण सी ड्राइव्ह कॉपी’ म्हणून सोडून देऊ नका. खराब तुकडा विंडोजच्याच एखाद्या फालतू फाइलमध्ये निघायचा आणि डिस्क तिथंच दम तोडायची. आधी लहान आणि मोलाचं. टॅलीचा डेटा बऱ्याचदा १००००, १०००१ अशा आकड्यांच्या फोल्डरमध्ये असतो, नाव बघून कळत नाही, म्हणून त्याची जागा मशीन चांगलं असतानाच लिहून ठेवलेली बरी. मग डेस्कटॉप आणि डाउनलोड, कारण खरं कपाट आपलं तिथंच असतं. जुनी मराठी पत्रं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर फॉन्टही उचला, नाहीतर नव्या मशीनवर भाऊबंदकीचा करारनामा उघडेल आणि भलतीच अक्षरं दिसतील. लग्नाचे व्हिडिओ शेवटी. बायकोला हा क्रम सांगू नका.

एक-एक फोल्डर न्या. एखादी फाइल अडली तर तिच्याशी झटापट नको, सोडा आणि पुढं चला. डिस्क फारच अडखळत असेल तर लिनक्समधलं डीडीरेस्क्यू हे कॉपीचं साधन चांगलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड तुकड्यांकडं नंतर वळतं, आणि नोंदीच्या फाइलचं नाव दिलं असेल तर कुठवर आलो हे तिच्यात लिहून ठेवतं, त्यामुळं मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. फक्त कुठली डिस्क जुनी नि कुठली नवी हे तीनदा वाचून एंटर मारा, उलटं झालं तर संपलं.

चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी), डिफ्रॅग, अँटिव्हायरसचा फुल स्कॅन यातलं काहीही डेटा बाहेर निघेपर्यंत करायचं नाही. सगळे पहिला सल्ला चेकडिस्कचाच देतात आणि मला तो सगळ्यात घातक वाटतो. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे तुकडे, शोधणारं चेकडिस्क तबकडी इंचन् इंच वाचायला लावतं आणि वर डिस्कवर लिहितंही. खोकणाऱ्या माणसाला जोतिबाचा डोंगर चढायला लावून तब्येत तपासण्यातला प्रकार.

तपासणी नंतर, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामनं. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा: बदललेले सेक्टर, अडलेले सेक्टर, न सुधारणारे सेक्टर. शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील तर डिस्क बदला. सी७ एकटाच वाढत असेल तर बहुतेक वेळा केबलची भानगड असते, स्वस्तात सुटाल. पण तिन्ही शून्य आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. गूगलनं २००७ मध्ये स्वतःच्याच १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बिघडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी अशा मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

आता दुकान. बॅग भरण्याआधी लॅपटॉपचा सीरियल नंबर फोटो काढून ठेवा. पावतीवर ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. माझ्या वेळी तोंडी सांगितलं होतं. संध्याकाळी फोन आला, “झालं बघा दादा, एकदम फ्रेश विंडोज टाकलंय, लई फास्ट चालतंय.” अडत्यांचा अख्खा तिमाहीचा हिशेब बिलांवरनं पुन्हा चढवला. जुनी डिस्क परत मागा, ती तुमची आहे. नवीन घेताना एसएसडीच (बिनतबकडीची डिस्क) घ्या, २.५ इंची असेल तर बहुतेक ७ मिलिमीटर जाडीची येते, पण काही लॅपटॉपमध्ये पट्टीसारखी एम.टू लागते, तेव्हा आधी खोलून बघायला सांगा.

आणि बॅकअपची नवी प्रत त्याच घरात ठेवू नका. २०१९ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आलं, २०२१ ला पुन्हा आलं; तळमजल्यावरच्या टेबलाखाली लॅपटॉप आणि बॅकअप शेजारी-शेजारी असतील तर दोन्ही एकदमच भिजणार. भिजलेली डिस्क वाळवून लावून बघायची नाही, करंट न देता तशीच रिकव्हरीवाल्याकडं न्यायची. माझी दुसरी प्रत राजारामपुरीत बहिणीकडं, वरच्या मजल्यावर, तिच्या रुखवताच्या ट्रंकेत असते. थ्रीबी भरला की २१ तारखेला जाऊन बदलून येतो.